आधी शुद्ध कर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, सोबतचे स्पेक्ट्रा दोनदा बघितले. तुझ्या कर्क्युमिनच्या (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या) कामातल्या पाचव्या कंपाउंडला स्टॅफिलोकोकस जंतूंवर झकास झोन आला, म्हणजे डिस्कभोवती जंतू वाढलेच नाहीत, आणि रीक्रिस्टलाइझ करून, म्हणजे पुन्हा स्फटिक काढून शुद्ध केल्यावर तो गेला. गाइड म्हणतात पहिलं रीडिंग घालून पेपर पाठव, घरचे म्हणतात एमआयडीसीतली नोकरी धर. तू मला विचारतेस, "सर, काय करू?" तुला उत्तर ठाऊक आहे गं. ठाऊक नसतं तर चांगला झोन आलेला असताना रीक्रिस्टलायझेशन करायला बसली नसतीस.

आता ते शुद्ध करण्याआधीचं पहिलं एनएमआर, रेणूतल्या हायड्रोजनांची ओळख पटवणारा तो आलेख, पुन्हा उघड. ४.१२ ला क्वार्टेट, २.०५ ला सिंगलेट, १.२६ ला ट्रिपलेट. हा तुझा रेणू नव्हे, कॉलममधून कंपाउंड वेगळं करताना वापरलेलं द्रावक, इथाइल अ‍ॅसिटेट आहे. तेही काढायला हवं होतं, पण त्यावर मी चिडत नाही. ९.८ जवळच्या त्या बारीक पीकवर चिडतोय. तिथे अल्डिहाइड दिसतं, आणि तुझ्या प्रॉडक्टमध्ये अल्डिहाइड आहे कुठे? उरलेला स्टार्टिंग मटेरियल आहे तो. अल्डिहाइडं जंतूंना स्वतःच त्रास देतात, त्यामुळे झोन बहुधा त्याचाच. बहुधा म्हणून सोडू नकोस. त्याच प्लेटवर एक डिस्क नुसत्या अल्डिहाइडची, एक नुसत्या डीएमएसओची (विरघळवायच्या द्रावकाची), एक शुद्ध कंपाउंडची आणि एक माहितीच्या अँटिबायोटिकची लाव. दोन दिवसांत कळेल. "टीएलसीवर एकच स्पॉट होता" असं लिहिलंयस, म्हणजे पातळ थरावर मिश्रण वेगळं करून बघितलंस तेव्हा एकच ठिपका. एकाच सॉल्व्हंट सिस्टिममध्ये ना? आणखी दोन लावून बघ, न दिसणारे ठिपके दिसावेत म्हणून ती टीएलसीची प्लेट आयोडीनच्या बरणीत धर, मेल्टिंग पॉइंट घे. जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री तपासायच्या कंपाउंडला किमान ९५ टक्के शुद्धता मागतं, ते काय हौस म्हणून?

आधी शुद्ध कर. मग अ‍ॅक्टिव्हिटीबद्दल बोलू.

आपण सांगलीची माणसं, कर्क्युमिन आपल्याला घरचंच वाटतं. तू विषय निवडलास तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. म्हणून तर त्याची गोष्ट नीट माहीत हवी. रचना १९१० साली मांडली गेली, १९१३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं. त्यानंतर कर्करोगापासून विस्मरणापर्यंत कशावर ते चालतं म्हणून लिहिलं गेलं नाही? बाटलीवर 'कर्क्युमिन' असलं तरी बाजारात सहसा तीन कर्क्युमिनॉइडांचं, म्हणजे एकमेकांसारख्या रेणूंचं, मिश्रण मिळतं. ते स्वतः चमकतं, त्यामुळे फ्लुओरेसन्सचं रीडिंग बिघडवतं. प्रथिनांना इकडेतिकडे चिकटतं. शरीराच्या तापमानाला, ७.२ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास तुटून गेलेलं दिसलंय. मग अ‍ॅसे, म्हणजे चाचणी, कशाची चाललीय? २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीमध्येच याचा हिशेब मांडणारा लेख आला. तोवर शंभराहून जास्त क्लिनिकल ट्रायल होऊन गेल्या होत्या, आणि डबल-ब्लाइंड, प्लासिबो लावलेली एकही यशस्वी ठरली नाही असं त्यात लिहिलंय. पी हळद अन् हो गोरी, दुसरं काय! मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारीसुद्धा वरच्या पॉलिशवर भाव करत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तुझा डॉकिंग स्कोअर, रेणू प्रथिनात किती नीट बसतो त्याचा कॉम्प्युटरने काढलेला आकडा, म्हणजे ते पॉलिश.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २००३ मध्ये लेडबीटर या रसायनशास्त्रज्ञांच्या गटाने सुझुकी कपलिंग, म्हणजे दोन रेणू जोडणारी, एरवी पॅलॅडियम धातू लागणारी अभिक्रिया, धातूशिवाय होते असं छापलं. मग त्यांनीच खोदून बघितलं, तर विकत आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये पॅलॅडियम निघालं, अब्जात ५० भाग इतकं. २००५ मध्ये त्यांनी तेही छापलं. त्यांचा दुसरा पेपर मला पहिल्याहून मोठा वाटतो. तू आत्ता पहिला पेपर छापायच्या आधीच दुसऱ्याच्या जागी उभी आहेस, आणि रडतेस!

नोकरीचं म्हणशील, तर कंपनीत गेलीस म्हणजे संशोधन बुडालं असं मी म्हणणार नाही. दिवसाला २ ग्रॅमपर्यंत घ्यायच्या औषधात ०.१० टक्क्याच्या वरची अशुद्धी कोणती ते शोधून काढावं लागतं. आपल्या विद्यापीठांमधल्या किती प्रयोगशाळा इतक्या बारकाईने बघतात? पण पेपरच्या भानगडीला कंटाळून जाऊ नकोस. घरी पैशांची गरज असेल तर आजच जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझं सांगतो, कारण तू ते ऐकलेलं असणार, बहुतेक तिखटमीठ लावून. बढतीच्या मुलाखतीत समितीतल्या एकाने माझी यादी चाळून विचारलं होतं, "इतक्या वर्षांत एवढेच पेपर?" मी म्हणालो, एवढेच शुद्ध होते. बढती लांबली. तेव्हा एनएमआरला सॅम्पल कोल्हापूरला नाहीतर पुण्याला पाठवायचं, आठवडेच्या आठवडे वाट बघायची, पीक कमीजास्त दिसलं की पुन्हा कॉलम लावायचा. बरोबरचे त्या वेळात तीन पेपर काढायचे. पोस्टडॉकला बाहेर जायचं राहिलं, आई-वडील इथे होते. त्याची हळहळ आजही आहे. पेपरांची नाही. घरी याला हेकटपणा म्हणतात. म्हणोत. माझ्या यादीतलं कुठलंही कंपाउंड कुणीही बनवावं, तोच मेल्टिंग पॉइंट येईल. हे मी तुला सांगतोय की स्वतःला, कोण जाणे.

गाइडशी मी बोलणार नाही, तसं सुचवूही नकोस. ते वाईट माणूस नाहीत, त्यांच्याही मागे बढतीसाठीचे पेपरांचे गुण लागलेत. भांडायला जाऊ नकोस, प्लेट घेऊन जा. चार डिस्कचा फोटो आणि दोन्ही एनएमआर एकाखाली एक टेबलावर ठेव आणि गप्प बस. अल्डिहाइडच्या डिस्कला झोन आलाच, तर शुद्ध कंपाउंड निष्क्रिय आहे असं थीसिसमध्ये स्पष्ट लिहायची परवानगी माग. उरलेली सगळी कंपाउंडंही त्याच नजरेने पुन्हा तपास, विशेषतः ज्यांचा झोन तुला फार आवडलाय ती. शनिवारी मी विश्रामबागेत घरीच आहे. एनएमआरच्या मूळ, एफआयडीच्या फाइल्स पेनड्राइव्हमध्ये घेऊन ये, पीडीएफ नको, मला पीकांखालची बेसलाइन मोठी करून बघायचीय.

तुझा,
सर