लाईनची पाळी, खर्रा आणि हरवलेली झोप

रब्बीचं ओलीत सुरू झालं की माझ्याकडची पत्रं झोपेवर येतात. यंदाही तसंच झालं. निवडक प्रश्न घेते.

शेतपंपाला एक आठवडा दिवसा लाईन (वीज), एक आठवडा रात्री. रात्रभर हरभऱ्यात तुषारचे पाईप बदलतो. सकाळी घरी येऊन झोपलो तर दोन तासांत डोळे उघडतात. पुढच्या आठवड्यात रात्री झोप लागत नाही. काय करू? (शेतकरी, तेल्हारा तालुका)

भाऊ, तुमच्या शरीरात काही बिघडलेलं नाही. आपल्या प्रत्येकाच्या आत एक घड्याळ आहे आणि ते उजेडावर लागतं. ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना 2017 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. लाईनचं वेळापत्रक एका दिवसात बदलतं, हे घड्याळ बदलायला कितीतरी दिवस घेतं. तोवर तुमची पाळी पुन्हा फिरलेली असते.

म्हणून रात्रीच्या आठवड्यात झोपेचे दोन तुकडे करा. सकाळी आल्या आल्या चार-पाच तास आणि वावरात निघण्याआधी दीड-दोन तास. रोज त्याच वेळी. पहाटे परतताना टोपी कपाळावर ओढून घ्या, डोळ्यांत कोवळं ऊन गेलं की मेंदू म्हणतो, दिवस उजाडला. खोलीच्या खिडकीला जाड गोधडी टांगा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. चहा रात्री एक-दोनपर्यंत घ्या, त्यानंतर नको, कारण पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. दिवसाचा आठवडा लागला की उठायची वेळ आधी पक्की करा, झोपायची वेळ मागून येईल. आणि डोळा लागतो म्हणून धुऱ्यावर आडवे होऊ नका, साप-विंचवाची जागा ती. झापड असताना गाडीला किक मारण्यापेक्षा मोटारीच्या खोलीत वीस मिनिटं खाटेवर पडलेलं बरं.

वय 47. रात्री तीनला घामानं ओली होऊन उठते. मग मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं डोक्यात फिरते. योगासनं सांगा, पण गुडघे दुखतात. (गृहिणी, हिंगणघाटजवळून)

ताई, या वयात रात्रीचा घाम बहुधा पाळी जाण्याच्या काळाचा असतो. तरी एकदा आरोग्य केंद्रात बीपी, शुगर आणि थायरॉईड पाहून घ्या.

जाग आली की घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर अंथरूण सोडा, मंद उजेडात बसा आणि कंटाळवाणं काहीतरी करा. लसूण सोला. पेंग आली की परत जा. पडून राहून झोपेशी भांडलं तर अंथरूणच काळजीची जागा होऊन बसतं. कर्जाचा हिशेब संध्याकाळी दिवाबत्तीनंतर वहीत लिहा, उद्या कोणाकडे जायचं तेही लिहा. रात्री तो विषय निघाला तर मनाला सांगता येतं, वहीत आहे.

आता आसनं. झोपण्याआधी पंधरा मिनिटं पुरेत आणि गुडघ्यांवर भार नको. भिंतीशी पाठीवर पडून पाय भिंतीला टेकवा, गुडघे जरा वाकलेले चालतील. चार-पाच मिनिटं. काचबिंदू किंवा वाढलेला बीपी असेल तर हे सोडा. मग बसून भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुंजन करत श्वास सोडणं, सहा-सात वेळा. इथे गुंजन किती मोठं याला महत्त्व नाही, श्वास बाहेर सोडणं लांबलं पाहिजे, त्यानंच नाडी सावकाश होते. शेवटी शवासन, गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी ठेवून. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडत या. एका अंगणवाडीत मी हे शिकवत होते, दहा मिनिटांत दोघी घोरायला लागल्या. त्या दिवशीची फी मला तीच वाटली! कपालभाती, सूर्यनमस्कार मात्र सकाळीच.

वय 23. दिवसाला सात-आठ खर्रे होतात, शेवटचा जेवणानंतर. रात्री एक वाजेपर्यंत झोप येत नाही. झोपेसाठी कोणतं आसन करू?

आसन नंतर. खर्रा म्हणजे घोटलेली तंबाखू आणि सुपारी, दोन्ही मेंदूला जागं ठेवतात. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, पण पानठेल्यावर खर्रा घोटणं थांबलं नाही. आधी संध्याकाळनंतरचा बंद करा. पूर्ण सोडताना सुरुवातीचे काही दिवस झोप आणखी बिघडेल, त्याला घाबरून परत ठेल्यावर जाऊ नका. मदतीसाठी 1800-11-2356 ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे.

वडील 72 वर्षांचे. चार वर्षांपासून मेडिकलातून झोपेची गोळी आणून घेतात. बंद करून जायफळाचं दूध देऊ का?

एकदम बंद करू नका. अशा गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवाव्या लागतात, नाहीतर झोप पार उडते, कधी झटकेही येतात. पण सोडवणं गरजेचं आहे, कारण रात्री लघवीला उठून तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. जायफळ चिमटीपेक्षा जास्त नको, जास्तीचं विषारी ठरतं. आणि दुपारी ओसरीत ते किती वेळ झोपतात, तेही मोजा. ती झोप रात्रीच्या खात्यातूनच जाते.

मे महिन्यात कूलर लावूनही झोप येत नाही.

कूलरसमोरची खिडकी उघडी आहे का? हवा बाहेर गेली नाही तर नुसती दमट होते. झोप लागायला शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं, म्हणून झोपण्याआधी साध्या पाण्यानं अंघोळ करा. गच्चीवर झोपत असाल तर मच्छरदाणी हवीच.

नवरा खूप घोरतो, मधेच श्वास थांबतो, मग दचकून उठतो. दिवसा ट्रॅक्टरवर पेंगतो. प्राणायाम लागू पडेल का?

ताई, याला प्राणायामाची वाट पाहू नका. हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. त्याची तपासणी नागपूरला होते. जाताना रात्रीचं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या, कारण डॉक्टरांसमोर ते म्हणतील, मी तर घोरतच नाही. आणि निदान होईपर्यंत ट्रॅक्टरची किल्ली तुमच्याकडे ठेवा.