जाड बांध्यासाठी, कापड वाया न घालवता सैल ड्रेस कसा शिवायचा?

सगळे तुकडे आयताकृतीच कापायचे. आधी शरीराचा सर्वांत रुंद भाग मोजा, मग तो छाती असो, पोट असो वा नितंब. त्यात किमान ३० सेंमी सैलपणा धरा. इथे कंजुषी अजिबात नको, बसल्यावर ताण येतो.

समजा घेर १३० सेंमी आहे आणि कापडाचा पन्हा ११०. मग २२८ सेंमी कापडातून ८४ सेंमी रुंदीचे (१६० चे अर्धे ८०, अधिक शिलाईसाठी ४) पुढचा-मागचा भाग निघतात आणि कडेला २६ सेंमीची सलग पट्टी उरते. तिच्यातून ५५ सेंमीच्या दोन बाह्या, २० सेंमीचे चार तुकडे (दोन मोठे खिसे), बगलेसाठी १९ सेंमीचे दोन चौकोन आणि त्या चौकोनांच्या कडेला उरलेली ७ सेंमी रुंद पट्टी गळ्याच्या चिरेला आतून लावायला. चिंधीसुद्धा उरत नाही!

बगलेतला चौकोन टाळू नका. भरलेल्या दंडाला हात वर करताना खरी मोकळीक त्यानेच मिळते. गळा कापायचा नाही. खांदे शिवताना मधे ३० सेंमी उघडं ठेवा, पुढे छोटी उभी चीर द्या.

पोट मोठं असेल तर पुढचा भाग ११६ आणि मागचा ११२ सेंमी लांब कापा, नाहीतर ड्रेस पुढून वर उचलला जातो. सुती कापड आधी धुऊन घ्या.