आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही. राउटर हलवू की सिग्नल पुढे पोहोचवणारा एक्स्टेंडर घेऊ?

आधी राउटर हलवा, त्याला पैसे पडत नाहीत. टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाला टेकून असेल तर सिग्नल तिथेच अडतो. आरसा आणि माशांची टाकीसुद्धा आड येते. घराच्या मध्याजवळ, उंचावर, मोकळा ठेवा. आतल्या खोलीत फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर (सिग्नलच्या पट्ट्यावर) जोडून बघा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण भिंतींपुढे लवकर दमतो.

एवढ्यानं भागलं नाही तरच एक्स्टेंडर. बहुतेक जण तो नेट न येणाऱ्या खोलीतच लावतात आणि मग वैतागतात. त्यालाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? वाटेत, फोनवर निदान दोन-तीन दांड्या दिसतात तिथे लावा. एकाच बँडचा घेऊ नका, वेग साधारण निम्म्यावर येतो. केबल ओढता येत असेल तर सरळ तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून नेट घेऊन तिथे वायफाय देणारं यंत्र, बसवा.