मोठ्या अभियंत्यांचं काम पुढच्या पिढ्यांसाठी कसं जपता येईल?

पुतळे, पुरस्कार आणि जयंत्यांनी हे काम जपलं जातं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. नाव टिकतं, काम टिकत नाही. काम टिकवायचं तर आधी ड्रॉइंग जपली पाहिजेत.

इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने १८४७ ते १८४९ या काळात ‘डिफरन्स इंजिन क्रमांक २’ हे गणनयंत्र कागदावर उतरवलं. त्याच्या हयातीत ते काही बनलं नाही. पण ड्रॉइंग लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये शाबूत राहिली. त्यांवरून १९९१ मध्ये यंत्राचा आकडेमोडीचा भाग उभा राहिला आणि बिनचूक उत्तरं देऊ लागला.

तरीही नुसत्या ड्रॉइंगवर भागत नाही. माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात पाच एफ-१ इंजिनं असत. २०१२ च्या सुमारास हंट्सव्हिलच्या नासा केंद्रातल्या तरुण इंजिनिअरांनी जुनं एफ-१ खोलायला घेतलं. ड्रॉइंग होती, पण वेल्डिंग हातचं होतं आणि कारागिरांनी जागेवर केलेले बारीकसारीक फेरफार कागदावर आलेच नव्हते. मग त्यांनी एकेक भाग थ्रीडी स्कॅन केला. इंजिनात इंधन ढकलणारा टर्बोपंप ज्याच्या जोरावर फिरतो तो गॅस जनरेटर जानेवारी २०१३ मध्ये टेस्ट स्टँडवर पुन्हा पेटला, तेव्हा कुठे ती विद्या थोडीफार हाती आली.

मी मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे हे माझ्या मनाला फार लागतं. पातळ भिंतीच्या बुशचा (नळीसारख्या भागाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, ड्रॉइंगवर असतो. पण लेथच्या चकमध्ये (पकडीत) जॉब किती आवळला म्हणजे सोडल्यावर तो ओव्हल होणार नाही, हे जुन्या टर्नरलाच ठाऊक असतं. तो रिटायर झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

म्हणून माझं सांगणं असं: निवृत्तीच्या आधी अशा माणसाला मशीनवर उभं करून व्हिडिओ काढा, तो बोलेल तसं बोलू द्या. फसलेल्या चाचण्यांचे रिपोर्ट रद्दीत घालू नका. एफ-१ च्या वेळी ज्वलन स्थिर राहतं का हे बघायला चालू इंजिनात छोटे स्फोट घडवत. त्या नोंदी यशाच्या फोटोंपेक्षा जास्त शिकवतात. आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत भारतीय संशोधक शंकर आबाजी भिसे यांचा फोटो लावण्याबरोबरच त्यांच्या छपाईचे टाइप (अक्षरांचे खिळे) ओतणाऱ्या यंत्राची पेटंटं मुलांकडून वाचून घ्या, जमलं तर एखादी यंत्रणा वर्कशॉपमध्ये बनवून घ्या.