बॅडमिंटनच्या मॅच बघायला आवडतात, पण स्वतः खेळताना मजा का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की मॅच बघताना अंगात वारं शिरतं, पण स्वतः कोर्टवर उतरलं की दोन-तीन फटक्यांत शटल खाली पडतं आणि अर्ध्या तासात कंटाळा येतो. यात तुमची हौस कमी पडत नाही. मजा रॅलीत, म्हणजे शटल खाली न पडता सलग चालणाऱ्या फटक्यांत असते आणि तुमची रॅलीच होत नाहीये. ती कशी होते हे तुम्ही बघता त्या मॅचमध्येच दिसतं, फक्त नजर भलतीकडे असते.

आपण सगळेच शटल बघतो. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या जवळच्या खेळाडूचे फक्त पाय बघा, अख्खा एक गेम. पहिली पाच मिनिटं जड जातात. दुसऱ्या गेमला बाजू बदलतात, त्यामुळे नजर न हलवता दुसरा खेळाडू आपोआप समोर येतो.

काय दिसेल? प्रतिस्पर्धी फटका मारतो नेमक्या त्या क्षणी हा जागच्या जागी बारीकशी उडी घेतो, जेमतेम बोटभर. पाय खांद्यांहून थोडे रुंद, गुडघे सैल, टाचा किंचित उचललेल्या. ही स्प्लिट स्टेप. पाय टेकेपर्यंत शटल कुठे चाललंय ते कळलेलं असतं आणि त्याच दाबातून पुढचं पाऊल निघतं. नवशिका मात्र आपण मारलेला फटका कसा गेला ते बघत टाचांवर उभा राहतो. मग शटलपर्यंत पोचता येत नाही, आणि दोष तो आपल्या वेगाला देतो. खरी अडचण उशिरा निघण्याची असते. उडी उंच घेतली तरी फसतं. शटल निघून जातं आणि आपण अजून हवेतच.

हे बघायला माझी शिफारस २०१७ च्या जागतिक स्पर्धेतल्या महिला एकेरीच्या अंतिम लढतीची. ग्लासगोला जपानच्या नोझोमी ओकुहारानं पी. व्ही. सिंधूला २१–१९, २०–२२, २२–२० असं हरवलं, ११० मिनिटांत. दुसरा गेम संपवणारी रॅली ७३ फटक्यांची आहे. ती तीनदा बघा: एकदा शटल, एकदा ओकुहाराचे पाय, एकदा सिंधूचे. उंचीनं बरीच लहान असलेली ओकुहारा मागच्या कोपऱ्यातून नेटपाशी कशी पोचते ते तिसऱ्या नाही, दुसऱ्याच खेपेला कळेल. आणि मग त्याच स्पर्धेची २०१९ ची बासेलची अंतिम लढत लावा. पुन्हा याच दोघी, आणि सिंधूनं २१–७, २१–७ असा निकाल लावला. प्रेरणा-बिरणा म्हणतात ती मला या दोन स्कोअरच्या मधल्या दोन वर्षांत दिसते.

आता तुमचं कोर्ट. एकेरीचं पूर्ण कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद असतं; सुरुवातीला ते अंगावर येतं. अर्ध्या कोर्टवर खेळा: मधल्या रेषेपासून बाहेरच्या रेषेपर्यंत, दोघं समोरासमोर. पहिली दहा मिनिटं गुण मोजू नका, फटके मोजा. सलग २० झाले की मग ११ गुणांचे छोटे गेम, आणि त्यात स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरात मारलेला फटका, बंद. नवख्याचा स्मॅश एक तर नेटमध्ये जातो, नाहीतर रॅली तिथेच मारतो. दोन्हीत खेळणं होत नाही.

क्लिअर, म्हणजे समोरच्याच्या कोर्टच्या मागच्या टोकाला उंच पाठवलेला फटका, मागच्या रेषेपर्यंत जात नसेल तर आधी ग्रिप बघा. माशी मारायला धरतात तशी रॅकेट धरली की मनगट अडकतं. हस्तांदोलन केल्यासारखी धरा, सैल. मूठ आवळायची ती शटल लागताना. दुसरी चूक म्हणजे शटल डोक्याच्या मागे जाईपर्यंत थांबणं. ते रॅकेट धरलेल्या हाताच्या खांद्याच्या वर, किंचित पुढे लागायला हवं. तपासायचं असेल तर न मारता रिकाम्या हातानं ते उंचावर झेलून बघा. हात मागे गेला, तर तुमचे पायच मागे पोचलेले नाहीत. शिवाय नेटकडे छाती करून मारू नका. आडवं व्हा, रॅकेटच्या बाजूचा पाय मागे.

सामानात तीनच गोष्टी बघा. तारा २२–२४ पौंडांवर ताणून घ्या; जास्त घट्ट तारेत नवख्याच्या फटक्याचा जोर मरतो. शटल नायलॉनचं, निळ्या पट्टीचं, म्हणजे मध्यम वेगाचं. पिसांचं शटल उडतं सुंदर, पण चुकीच्या फटक्यांनी त्याची १६ पिसं फार टिकत नाहीत. आणि धावायचे बूट घालून खेळू नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झेपावताना घोटा मुरगळतो. चपट्या रबरी तळाचे इनडोअर कोर्टचे बूट घ्या, रॅकेट जुनी चालेल.