मानसिक आजारांवरच्या क्लिनिकल गाइडलाइनचा दर्जा कसा तपासायचा? अ‍ॅग्री-२ मध्ये (म्हणजे गाइडलाइनला मार्क द्यायच्या प्रश्नांच्या यादीत) किती टक्के मिळाले की ती 'चांगली' समजायची?

असा आकडा नाही. अ‍ॅग्री-२ बनवणाऱ्यांनी पासिंगचे मार्क ठरवलेलेच नाहीत. उलट सहा डोमेनची, म्हणजे प्रश्नांच्या सहा गटांची, बेरीज करून एकच टक्केवारी काढू नका, असं त्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय. लोक तरीही कुठेतरी ५० नाहीतर ६० वर रेघ मारतात आणि वरच्या सगळ्या गाइडलाइन 'दर्जेदार' म्हणून मोकळे होतात.

या टक्केवारीवरूनच रेसिडेन्सीत असताना माझं सरांशी वाजलं होतं. वाजलं तरी कसलं, मी गप्प बसले. म्हणूनच एवढं लिहायला घेतलंय.

नैराश्याच्या एका गाइडलाइनला आम्ही चौघांनी आपापले मार्क दिले होते. २३ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७. मग एकत्र बसून एक्सेल शीट उघडली. बारावा प्रश्न 'रिगर'च्या, म्हणजे गाइडलाइन किती काटेकोरपणे बनवली त्याच्या, डोमेनमधला. तो असा, की शिफारस आणि तिच्यामागचा पुरावा यांचा सांधा स्पष्ट दिसतो का? तिघांचे ६, ६, ७. माझे २. सरांनी तो चौकोन पिवळा केला. "हा आउटलायर कुणाचा?"

त्या गाइडलाइनमध्ये एक वाक्य होतं: अँटीडिप्रेसंट थांबवल्यावर होणारा त्रास बहुधा सौम्य असतो आणि साधारण आठवड्याभरात आपोआप जातो. मी त्या वाक्याचा माग काढत पार परिशिष्टापर्यंत गेले होते. तो 'आठवडा' आला कुठून, ते काही सापडलं नाही. हे मी सांगितलं. सर म्हणाले, "रिगरच्या डोमेनला ८४ टक्के आहेत. तू एका वाक्यावर का अडून बसलीस?"

अडून बसले, कारण पॅरॉक्सेटिन हे अँटीडिप्रेसंट बंद करून मला स्वतःला तेव्हा सातवा आठवडा चालू होता. मान वळवली की डोक्यात बारीक करंट सरकायचा. जिना उतरताना कठडा सोडायची हिंमत नव्हती. हे त्या खोलीत, मानसोपचाराच्या डॉक्टरांसमोर, बोलायची सोय नव्हती. मी "हो सर" म्हटलं आणि २ चे ५ केले. ८४ चे ८५ झाले.

मार्कांत फार फरक पडला तर चर्चा करून बदलायला हरकत नसते, तेव्हा नियमाने सगळं बरोबरच झालं. फक्त माझ्या मुद्द्याला उत्तर कुणी दिलं नाही, ८४ हा आकडा दाखवला.

पुढचं ऐका. ब्रिटनमध्ये गाइडलाइन काढणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेच्या २००९ च्या नैराश्यावरच्या गाइडलाइनमध्येही जवळपास हेच वाक्य होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते त्यांनी बदललं: काहींना हा त्रास जास्त तीव्र होतो आणि जास्त काळ टिकतो, असं घातलं. २०२२ च्या नव्या गाइडलाइनमध्ये डोस आधीच्या डोसच्या प्रमाणात पायरीपायरीने कसा उतरवायचा, हेही आलं. म्हणजे दहा वर्षं ते वाक्य तसंच होतं, आणि पेशंट तर आधीपासून सांगत होते.

अ‍ॅग्री-२ गाइडलाइन कशी बनवली आणि कशी लिहिली ते मोजतं. आतली शिफारस बरोबर आहे का, हे त्याला विचारूच नका. म्हणून मी तरी आधी पाचवा प्रश्न बघते: पेशंटचं म्हणणं विचारलं होतं का, की समितीत एक खुर्ची देऊन विषय संपवला? मग २२ आणि २३, म्हणजे पैसा कुणाचा आणि कुणाचे हितसंबंध कुठे. या डोमेनमध्ये दोनच प्रश्न आहेत. दोघांनी मार्क दिले तर कमीत कमी ४, जास्तीत जास्त २८. मिळाले १०, तर १० वजा ४, भागिले २४, म्हणजे २५ टक्के. बाकीची डोमेन कितीही चकचकीत असोत, इथे २५ असतील तर औषधांचं प्रकरण मी संशयानेच वाचते. ग्रेड (पुराव्याचा दर्जा आणि शिफारशीचा ठामपणा वेगवेगळा लिहायची पद्धत) वापरलं असेल तर 'ठाम' शिफारशीखाली पुरावा 'कमी दर्जाचा' लिहिलाय का, तेही बघा. आमच्या विषयात ट्रायल चालतात काही आठवडे आणि गोळ्या चालतात वर्षानुवर्षं. हे अंतर कुठल्याच डोमेनमध्ये थेट दिसत नाही.

अ‍ॅग्री-२ टाकाऊ आहे असं नाही हं. ते नसतं तर आम्ही मुखपृष्ठावरचं नाव बघूनच मान डोलावली असती. आणि माझा सातवा आठवडा हा काही पुरावा नाही, सरांनी तसं म्हटलं असतं तर मी मान्य केलं असतं. पण बारावा प्रश्न माझ्या डोक्यातल्या करंटबद्दल नव्हताच. सांधा दिसतो का, एवढाच होता, आणि तो दिसत नव्हता. २ च बरोबर होते.

आणि हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नका. मी तशीच केली होती.