वाचक विचारतात : पासपोर्टची मुदत संपत आलीय

मागच्या अंकात ‘पासपोर्टबद्दल विचारा’ असं दोन ओळींत लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. एकाच्या उत्तरात चारजणांचं भागेल अशी पत्रं निवडली आहेत. आधीच सांगतो, मी पासपोर्ट खात्यात कधी नव्हतो. नोकरी तहसील कचेरीत झाली आणि आता दुपारच्याला भाच्याच्या दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. त्यामुळे माझं ज्ञान काउंटरच्या अलीकडचं. पण अलीकडून एक गोष्ट स्वच्छ दिसते : पलीकडचा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यापुढे कागद असतात आणि हा कागद त्या कागदाशी जुळतो का, एवढंच तो बघतो. अडलेल्या बहुतेक फायली तिथेच अडलेल्या असतात.

प्रश्न : माझ्या पासपोर्टची मुदत पुढच्या जूनमध्ये संपते. त्याआधी फेब्रुवारीत लेकीकडे दुबईला जायचं ठरतंय. जूनपर्यंत चालू आहे, तर परत आल्यावर नूतनीकरण करावं म्हणते. शिवाय साइटवर ‘रिन्यू’ असं काही दिसतच नाही. वय एकोणसत्तर, आता किती वर्षांचा मिळेल?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, आल्यावर नको, जायच्या आधी करा. दुबईला जाताना पासपोर्टची निदान सहा महिने मुदत शिल्लक लागते आणि फेब्रुवारीत तुमची चारच महिने उरलेली असेल. मुंबईच्या विमानतळावर चेक-इनलाच अडवतील, आणि तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे थांबायचं कारणच नाही.

साइटवर ‘री-इश्यू’ नावाचा पर्याय आहे, तोच निवडायचा. ‘फ्रेश’वर चुकूनही टिचकी मारू नका, तो ज्यांनी कधीच पासपोर्ट काढला नाही त्यांच्यासाठी. मग कारण विचारतात. मुदत संपत आलेली किंवा संपून तीन वर्षं न झालेली असा एक पर्याय आहे आणि तीन वर्षांहून जास्त झालेल्यांसाठी वेगळा. तुमचा पहिला. ३६ पानी पुस्तिकेची फी १५०० रुपये, ६० पानीची २०००. लेकीकडे वर्षातून एकदा जाणाऱ्याला ३६ पानं दहा वर्षांत संपत नाहीत, वरचे पाचशे नातवंडांच्या खाऊला ठेवा. तत्काळमध्ये आणखी २००० जातात. तुमच्या हातात वेळ आहे, गरज नाही.

वयाचं म्हणाल तर मुदत दहाच वर्षांची, एकोणसत्तरीतही. जुना पासपोर्ट जाताना सोबत न्यायचाच. तो रद्द करून परत देतात. त्यात एखादा चालू व्हिसा असेल तर तो वाया जात नाही, प्रवासात दोन्ही पुस्तिका बरोबर ठेवायच्या. नवी पुस्तिका चिप बसवलेली, म्हणजे ई-पासपोर्ट मिळाली तर कव्हरवर अशोकस्तंभाच्या खाली छोटी सोनेरी खूण दिसेल. तिला स्टेपलरची पिन मारू नका नि घडी घालू नका. (छपाई आपल्या नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधली बरं का.)

प्रश्न : पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा. लग्नानंतर आधार सासरच्या नावाचं करून घेतलं. बँकेत अजून माहेरचंच नाव आहे. आता मुदत संपतेय. घरचे म्हणतात पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं आहे. खरं का?
— वाचक, अंबरनाथ

उत्तर : सक्ती नाही. लग्न झालं म्हणून नाव बदलाच असं पासपोर्टचा कुठलाही नियम सांगत नाही. नवऱ्याचं नाव जोडीदाराच्या रकान्यात लिहा, स्वतःचं आहे तेच ठेवा, पासपोर्ट मिळतो. घरातलं मत हा वेगळा विषय. त्यात मी पडत नाही.

पण तुमचं खरं दुखणं वेगळं आहे. निम्मे कागद एका नावाचे आणि निम्मे दुसऱ्या. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. प्राजक्ता विनायकची प्राजक्ता समीर होते. अर्जात मधल्या नावाला स्वतंत्र रकाना नाही. ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि त्यापुढे मधलं नाव लिहायचं, आडनावाचा रकाना वेगळा. त्यात दहावीच्या सर्टिफिकेटवर बोर्डानं आडनाव आधी छापलेलं. घाईघाईत ते पाहून लोक आडनाव पहिल्या रकान्यात टाकतात, आणि परदेशातला माणूस पुढची दहा वर्षं तुम्हाला आडनावानं हाक मारतो.

तर आता दोन वाटा. माहेरचं नाव ठेवायचं असेल तर पत्त्याचा पुरावा आधारचा देऊ नका, नाव जुळणार नाही. माहेरच्या नावाचं बँक पासबुक तुमच्याकडे आहेच. त्यावर सध्याचा पत्ता टाकून घ्या. किंवा नवऱ्याच्या पासपोर्टवर जोडीदार म्हणून तुमचं नाव असेल आणि पत्ता तोच असेल, तर त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रतही पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सासरचं नाव घ्यायचं असेल तर ‘री-इश्यू’मध्येच वैयक्तिक तपशिलात बदल हा पर्यायही निवडायचा आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडायचं. ते नसेल तर पती-पत्नीचा एकत्र फोटो लावून दोघांच्या सहीचं घोषणापत्र देता येतं. प्रमाणपत्र हातात आलं की इंग्रजी स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका जादा ‘ए’साठी माणसं परत आलेली मी बघितली आहेत.

लग्नात ताटातल्या तांदळावर पहिलं नावही बदललं असेल तर गोष्ट थोडी पुढची. मग फक्त विवाह प्रमाणपत्रावर भागेल असं धरून चालू नका. राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घ्या. आणि जुन्या नावावर परदेशी व्हिसा चालू असेल, विमानाचं तिकीट काढलेलं असेल, तर तो प्रवास उरकून मगच नावाला हात लावा. माझं वैयक्तिक मत विचाराल, तर जे नाव पगाराच्या स्लिपवर आणि पदवीवर आहे तेच पासपोर्टवर असावं. उद्या नोकरीचा व्हिसा काढायची वेळ आली तर दोन नावांची एकच बाई आहे हे कुठल्या तरी वकिलातीला पटवत बसावं लागत नाही.

प्रश्न : गाव लातूर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात, भाड्याची खोली. आधारवर गावचा पत्ता आहे. मित्र म्हणतात गावचाच पत्ता टाक, पोलीस ओळखीचे आहेत. आणि पोलीस व्हेरिफिकेशनला किती द्यावे लागतात?
— वाचक, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : शून्य. पोलीस पडताळणीला वेगळी फी नाही. कुणी चहापाण्याचं काढलं तर ‘पावती मिळेल का?’ एवढंच नम्रपणे विचारा.

पत्ता सध्या राहता तोच लिहायचा. ओळखीचे पोलीस गावात असले तरी त्यांना अहवालात ‘अर्जदार या पत्त्यावर राहतो’ असं लिहावं लागतं आणि तुम्ही तर पुण्यात. मग अहवाल उलटा जातो, फाईल थांबते, खुलासा मागणारं पत्र येतं. मुद्दाम खोटी माहिती दिली असं निघालं तर १९६७च्या पासपोर्ट कायद्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. एवढं कशाला ओढवून घ्यायचं? २०१८पासून देशातल्या कुठल्याही कार्यालयात अर्ज करता येतो. गावच्या पत्त्यासाठी गावीच जायला हवं ही जुनी समजूत.

तुमच्यापुढचं काम सोपं आहे. घरमालकाशी नोंदणीकृत भाडेकरार करून घ्या. नोटरीच्या शिक्क्यावर काम भागवू नका. त्याच करारावर आधारचा पत्ता बदलून घ्या आणि मग अर्ज भरा. महिना जाईल, पण पडताळणीला कुणी आलं तर सगळे कागद एकाच पत्त्याचे दिसतील. पोलीस चौकीतून फोन आला तर तो उचला! अनोळखी नंबर म्हणून कापतात आणि ‘अर्जदार आढळून आला नाही’ असा शेरा पडतो. शेजारच्यांनाही सांगून ठेवा की असं असं कुणी येईल. पुण्यात शेजारी विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तरी ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणतो.

मुदत संपल्यामुळे नवा घेणाऱ्याला कधी कधी पडताळणी लागतच नाही, कधी पासपोर्ट हातात आल्यावर होते. ते ठरवणं पासपोर्ट कार्यालयाकडे. मित्राला लागली नाही म्हणून तुम्हाला लागणार नाही असं समजू नका. पत्ता बदललाय, तेव्हा लागेल हे धरूनच चला.

प्रश्न : एक एजंट साडेपाच हजारांत ‘घरबसल्या’ करून देतो म्हणतो. द्यावं का?
— वाचक, धुळे

उत्तर : घरबसल्या होतच नाही. फोटो आणि बोटांचे ठसे सेवा केंद्रात तुमचेच घेतात, एजंटाचे नाही. ‘ए’ काउंटरवर सरकारनं नेमलेल्या खासगी कंपनीची मुलं कागद स्कॅन करतात, फोटो-ठसे घेतात. ‘बी’ आणि ‘सी’वर सरकारी अधिकारी तपासून मंजुरी देतात. टोकन घेऊन तिन्हीकडे तुम्हालाच जायचंय. अर्ज भरता येत नसेल तर ओळखीच्या दुकानदाराला शंभर-दोनशे द्या. मात्र साइट नीट बघा : शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर ती सरकारी नाही. तशाच दिसणाऱ्या नकली साइट आहेत आणि पैसे घेऊन गप्प बसतात. शंका आली तर १८००-२५८-१८०० हा फुकटचा क्रमांक लावा.

प्रश्न : २०१९च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा पासपोर्ट भिजला. पानं चिकटली आहेत. नाव, नंबर वाचता येतो, फोटो पुसट. मुदत अजून आहे. हळूच पानं सोडवून इस्त्री फिरवली तर?
— वाचक, सांगली

उत्तर : इस्त्री शर्टाला. पासपोर्ट आहे त्या अवस्थेत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पान फाटलं की फेरफार केल्याचा संशय येतो, आणि मग पूर पुढे करूनही ऐकणारा शांतपणे ऐकेल याची खात्री नाही. ‘री-इश्यू’मध्ये खराब झालेला पासपोर्ट हे कारण निवडा. केव्हा, कुठे, कसा खराब झाला हे ‘अ‍ॅनेक्शर एफ’ नावाच्या ठरावीक नमुन्यात लिहून द्यावं लागतं. मुदत शिल्लक असताना खराब झालेल्याच्या बदली नव्याला ३६ पानांसाठी ३००० रुपये पडतात. त्या वेळचा तलाठ्याचा पंचनामा जपून ठेवला असेल तर बरोबर न्या. मागतीलच असं नाही, पण अडलं तर तुमच्या बाजूनं बोलणारा कागद तो एकच.

प्रश्न : उसाच्या दरासाठी रास्ता रोको केला होता, खटला अजून तालुका कोर्टात आहे. मुलगा ऑस्ट्रेलियात, सून बाळंत होणार. पासपोर्ट संपलाय. अर्जात ‘फौजदारी खटला प्रलंबित आहे का’ ला काय लिहू? वकील म्हणतात किरकोळ आहे, ‘नाही’ लिहा.
— शेतकरी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ‘होय’ लिहा. गुन्हा किरकोळ आहे का मोठा, हे त्या रकान्यात विचारलेलंच नाही. पोलिसांच्या नोंदीत तो येणारच. मग खटल्यापेक्षा लपवल्याचं प्रकरण जड होतं.

वाट बंद नाही. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(एफ)प्रमाणे फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३च्या केंद्राच्या अधिसूचनेनं त्यातून मार्ग ठेवलाय. ज्या कोर्टात खटला आहे तिथे परदेशी जायच्या परवानगीचा अर्ज करा. सुनेचे डॉक्टरी कागद, मुलाचं पत्र जोडा. कोर्टानं आदेश दिला की त्यावर पासपोर्ट मिळतो. इथे वकिलाला एक गोष्ट बजावून सांगा : किती वर्षांचा पासपोर्ट हे आदेशात लिहून घ्या. आदेश मुदतीबद्दल काहीच बोलला नाही तर पासपोर्ट एका वर्षाचाच देतात, आणि नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा तेच चक्र. नुसता गुन्हा नोंदला आहे आणि आरोपपत्र कोर्टात गेलेलंच नाही, अशी काहींची स्थिती असते, ते वेगळं. तुमचा खटला कोर्टात आहे, तेव्हा तुम्हाला ही परवानगी लागेलच. बाळंतपणाची तारीख बघून आधी कोर्टाची तारीख घ्या, अपॉइंटमेंट नंतर.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत आहे. खात्याची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) दोन महिने टेबलावर पडून आहे. त्याशिवाय अर्ज होतो का?
— शिक्षक, बीड

उत्तर : होतो. सरकारी कर्मचाऱ्याला एनओसीऐवजी ‘अ‍ॅनेक्शर एच’, म्हणजे पूर्वसूचनेचं पत्र चालतं. ‘मी पासपोर्टसाठी अर्ज करतोय’ असं कार्यालयप्रमुखांना कळवायचं, आवक शिक्का मारलेली पोच घ्यायची आणि तिची प्रत अर्जाला जोडायची. परवानगीची वाट बघावी लागत नाही. पासपोर्ट हाती आल्यावर परदेशी जायची रजा आणि परवानगी मात्र वेगळी घ्यावी लागते. तो अर्ज याच आठवड्यात टाका, म्हणजे उन्हाळी सुट्टीपर्यंत तो दुसऱ्या टेबलावर तरी पोहोचेल.